घरची प्रत

ग्रंथ पडद्यावर वाचावा की घरी छापून घेऊन वाचावा, हा प्रश्न अलीकडे ग्रंथप्रेमी मंडळींच्या बोलण्यात वारंवार येतो आणि बहुधा डोळ्यांचे कष्ट व शाईचा खर्च यांचा हिशेब मांडून तो निकालात काढला जातो. हा हिशेब खोटा नाही. पण अपुरा आहे. ज्या नगरीत सुमारे पाचशे वर्षे मराठी घराण्यांनी ग्रंथ रचले, लिहवून घेतले, जपले, गमावले आणि क्वचित पुन्हा मिळविलेही, त्या काशीच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे मूळ फार मागे जाते. ग्रंथाची प्रत आपल्या घरी करून ठेवणे आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन ती वाचून येणे, यांतील फरक छपाईयंत्राहून जुना आहे. पडद्यावरचा ग्रंथ हा दुसऱ्याच्या घरचा ग्रंथ होय. घर कितीही उदार असले तरी दाराची किल्ली आपल्यापाशी नसते.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. काशीच्या विद्येत पोथीला पहिला मान कधीच नव्हता. पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत लिहिलेले पाहून म्हणणारा हाही एक आहे. वेद गुरुमुखातून संथा घेऊन शिकावयाचा, तो कंठात ठेवावयाचा. पोथी ही फार तर शंकानिरसनापुरती. ही परंपरा आजही निव्वळ सांगण्यापुरती उरलेली नाही. २०२५ साली देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या महाराष्ट्रीय तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण काशीत केले आणि सुमारे दोन हजार मंत्रांचा तो अवघड पाठ पन्नास दिवसांत पुरा केला. त्याच्यापुढे कागद काय आणि पडदा काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी. तेव्हा आपण ज्या वादात पडत आहो तो दुय्यम दर्जाच्या वाचकांचा वाद आहे, हे मनाशी ठेवून पुढे जाणे बरे.

परंतु वेदांचे जे साधले ते शास्त्रांचे साधणे शक्य नव्हते. पैठणहून रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांच्या घराण्यात नारायणभट्ट, कमलाकरभट्ट आणि पुढे शिवराज्याभिषेकामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत नाव पोहोचलेले गागाभट्ट निपजले. या घराण्याची विद्या मुख्यतः धर्मशास्त्राची आणि मीमांसेची. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ साली पुरा झाला. त्यात पानोपानी स्मृती, पुराणे आणि निबंधग्रंथ यांची वचने येतात, एकमेकांशी ताडली जातात, एक मत घेतले व दुसरे सोडले जाते. असा ग्रंथ केवळ स्मरणावर होत नाही. हाताशी पोथ्यांची बासने असावी लागतात, आणि ती मध्यरात्री सोडून पाहता यावी लागतात. दुसऱ्याच्या घरी जाऊन टिपणे आणणाऱ्याच्या हातून निबंधग्रंथ होणे कठीण.

ही बासने भरत कशी? विकत मिळणाऱ्या पोथ्या थोड्या. बहुतेक प्रती लिहून किंवा लिहवून घेतलेल्या. बोरू, काजळ व डिंक यांची शाई, हाताने केलेला कागद, चूक झाकण्यासाठी पिवळी हरताळ. लेखकाचा मोबदला ग्रंथसंख्येवर ठरे आणि ग्रंथ म्हणजे बत्तीस अक्षरे, मग मजकूर गद्य असो वा पद्य. शेवटी लेखक शके, मास, तिथी, स्थळ आणि कोणासाठी लिहिले ते नोंदवी. जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये, अशी विनंती करी. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथीचे रक्षण करा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असे बजावी. ही विनंती ठराविक श्लोकांतली असे, हे खरे. तथापि तिच्यात प्रतीच्या आयुष्याविषयीचा पुष्कळ अनुभव साठला आहे.

एका घरच्या प्रतीने केवढी उलथापालथ होऊ शकते याचे उदाहरण एकनाथांच्या चरित्रात आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील टीकेचे आरंभीचे अध्याय नाथांनी पैठणास लिहिले. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे त्यांची कोणी उतरून घेतलेली प्रत काशीस पोहोचली, तेथे तिचे नित्य वाचन होऊ लागले आणि ते कानी पडल्यावर प्राकृतात भागवत उतरविणाऱ्यास जाब विचारण्यासाठी काशीच्या विद्वानांनी नाथांना बोलावून घेतले. कथेचा चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी एवढे उरते की ग्रंथ अपुरा असतानाच त्याची प्रत ग्रंथकाराच्या आधी वाराणसीस गेली होती, अशीच त्या काळच्या लोकांची समजूत होती. पुढे हा ग्रंथ शके १४९५, म्हणजे १५७३ साली, वाराणसीतच पूर्ण झाला. ज्या नगरीत मराठी ग्रंथावर आक्षेप आला त्याच नगरीत तो सिद्धीस गेला, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस विशेष गोड वाटावी.

मात्र प्रती वाढल्या की पाठ बिघडतात, हेही नाथांइतके दुसऱ्या कोणी ओळखले नव्हते. १५८४ साली, शके १५०६ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या नकलांत शिरलेले अपपाठ काढून टाकण्याचे हे कार्य. घरोघरी प्रती होत्या म्हणून ज्ञानेश्वरी टिकली; घरोघरी प्रती होत्या म्हणूनच ती बिघडलीही. पुढल्या शतकात गोदातीरीच्या कोपरगावाहून काशीस आलेले नीलकंठ चतुर्धर यांनी महाभारतावर 'भारतभावदीप' ही टीका लिहिली, तेव्हा त्यांनीही देशोदेशींच्या पोथ्या जमवून त्यांतून उत्तम पाठ निवडल्याचे आरंभी सांगितले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पद्धतीने निराळी असली, नीलकंठांची पाठनिवड तिने अनेक ठिकाणी स्वीकारली नसली, तरी पुष्कळ प्रती एकत्र मांडून पाहिल्यावाचून पाठ ठरत नाही हे सूत्र दोघांचे एकच. त्यासाठी आधी पुष्कळ घरांत पुष्कळ प्रती असाव्या लागतात.

याच्या उलट टोकाचे चित्र कवींद्राचार्य सरस्वतींचे. हे मूळचे गोदातीरीचे ऋग्वेदी ब्राह्मण. संन्यास घेऊन काशीस राहिले. काशी व प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर शाहजहानकडून त्यांनी माफ करविला. त्याबद्दल देशभरच्या पंडितांनी त्यांच्यावर जी स्तुतिपर पद्ये केली त्यांचा संग्रह 'कवींद्रचंद्रोदय' या नावाने १९३९ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. बादशहाने त्यांना 'सर्वविद्यानिधान' ही पदवी आणि वर्षासन दिले. या संन्याशाजवळ घरदार नव्हते, पण ग्रंथसंग्रह असा होता की तसा त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच कोठे असेल. त्याची यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. तिच्यात दोन हजारांहून अधिक ग्रंथांची नावे आहेत. वेद, व्याकरण, न्याय, मीमांसा, वैद्यक, ज्योतिष, काव्य, अगदी किरकोळ कलांवरची पुस्तकेसुद्धा.

फ्रेंच प्रवासी बर्नियर काशीस गेला असता पंडितांच्या प्रमुखाने त्याचे स्वागत आपल्या ग्रंथालयात केले आणि आणखी सहा पंडितांशी त्याची गाठ घालून दिली. हा प्रमुख म्हणजे कवींद्राचार्यच, असे भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी प्रतिपादन केले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. १६६७ सालच्या आपल्या पत्रात बर्नियर सांगतो की बनारसेत पुस्तकांनी संपूर्ण भरलेले एक मोठे दालन त्याने पाहिले. त्याच पत्रात, आपल्या धन्याने पुष्कळ खटपट करूनही वेदांची प्रत विकत मिळाली नाही, असेही तो लिहितो. एका नगरीत दालन भरून ग्रंथ, आणि बाहेरच्याला विकत एकही नाही! संग्रह आणि प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या परदेशी वैद्याच्या दोन वाक्यांत जसे दिसते तसे आमच्या कोणा ग्रंथकाराने लिहून ठेवलेले मला आढळले नाही.

पुढे काय झाले? कवींद्राचार्यांमागे संग्रह एकत्र राहिला नाही. पोथ्यांच्या पहिल्या पानावर ते आपल्या स्वामित्वाची खूण घालीत. त्या खुणेच्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात सापडल्या, काशीत सापडल्या, अन्यत्रही सापडल्या. बिकानेरचे महाराजा अनूपसिंह ग्रंथांचे मोठे संग्राहक होते, त्यामुळे त्या वाटेला गेलेल्या पोथ्या सुदैवी ठरल्या. पण यादीतील कित्येक ग्रंथांची आज केवळ नावेच उरली आहेत. ज्यांच्या नकला आधीच इतरांनी करून घेतल्या होत्या ते ग्रंथ वाचले. ज्यांची एकच प्रत त्या दालनात होती ते दालनाबरोबर गेले. ही यादी वाचताना मनाला जो चटका बसतो त्याचे कारण हेच. ग्रंथ कोणी जाळले नाहीत, बुडविले नाहीत. ते एके ठिकाणी होते, एवढेच.

एकोणिसाव्या शतकात छापा आला. मराठी मुलुखात गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले अशी गोष्ट सांगतात. काशीतही पहिले पाऊल शिळाछापाचेच. १८४५ साली निघालेले 'बनारस अखबार' शिळाछापावर छापले जाई. हिंदी प्रदेशातले हे पहिले हिंदी वृत्तपत्र समजतात. चालक राजा शिवप्रसाद, संपादक गोविंद रघुनाथ थत्ते. लिपी नागरी, भाषा उर्दूकडे झुकलेली, आणि संपादक मराठी; काशीला शोभेलसाच हा मेळ!

शिळाछापाची युक्ती अशी की मजकूर खिळ्यांनी जुळवावयाचा नसतो. लेखक तेलकट शाईने कागदावर लिहितो, ते लिखाण दगडावर उलटे उतरते, दगडाच्या ओल्या भागावर शाई धरत नाही व तेलकट अक्षरावर धरते. म्हणजे बोरूने पोथी लिहिणाऱ्याचा हात कायम राहिला, फक्त एका लिखाणाच्या शेकडो प्रती निघू लागल्या. पानेही सुटी, आडवी, पोथीसारखीच. काशीतल्या शास्त्रीमंडळींना छापा परका वाटला नाही याचे एक कारण हे असावे. पुढे १८६६ साली संस्कृत महाविद्यालयाचे 'पंडित' हे मासिक खिळ्यांच्या छापावर निघू लागले आणि १८९२ साली चौखंबा ग्रंथमाला सुरू झाली, तोपर्यंत नवी रीत रुळली होती.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळची गोष्ट मात्र पतंजलीच्या महाभाष्याची आहे. काशीत राजारामशास्त्री कार्लेकर आणि त्यांचे शिष्य बाळशास्त्री रानडे या दोघा महाराष्ट्रीय वैयाकरणांनी महाभाष्याची आवृत्ती तयार केली. ती १८७२ च्या सुमारास शिळाछापावर, पोथीच्या आकारात निघाली. त्याच वेळी लंडनमध्ये गोल्डस्टकर या पंडिताच्या देखरेखीखाली महाभाष्याच्या हस्तलिखिताची छायाचित्रे घेऊन त्यांवरून दगडी छाप काढण्याचे काम चालले होते. गोल्डस्टकर १८७२ साली वारले. ती प्रत १८७४ साली बाहेर पडली. छायाचित्र असल्यामुळे मूळ पोथीतले अक्षर, खाडाखोड, समासातली टिपणे सर्व जशीच्या तशी. खर्च प्रचंड, प्रती अगदी मोजक्या, मोठ्या ग्रंथालयांपलीकडे गेल्या नाहीत. काशीची प्रत मात्र विद्यार्थ्यांच्या मांडीवर गेली. पहिली प्रत पोथीचे चित्र होती, दुसरी दोन विद्वानांनी वाचून ठरविलेला पाठ होता. कीलहॉर्न यांनी १८८० ते १८८५ या काळात मुंबईस तीन खंडांत आपली चिकित्सक आवृत्ती काढली आणि दोहींची गरज पुष्कळशी संपविली, ही निराळी गोष्ट.

आज आपण ज्याला स्कॅन म्हणतो ते गोल्डस्टकरांच्या छायाचित्राचे स्वस्त झालेले रूप आहे. तेव्हा जे मोजक्या ग्रंथालयांना मिळाले ते आज कोणालाही विनामूल्य मिळते. ही क्रांतीच म्हणावयाची. पण चित्र मिळाले म्हणजे पाठ मिळाला असे होत नाही. पडद्याचे आणि कागदाचे भांडण सोडविताना हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

मधल्या काळात काशीने घरच्या छपाईचा एक निराळाच प्रकार पाहिला, तोही एका मराठी माणसाच्या हातून. बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीतच झाला. सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा, आणि बंगाली वृत्तपत्रसृष्टीच्या सहवासात त्यांची घडण झालेली. १९२० साली शिवप्रसाद गुप्त यांनी 'आज' हे दैनिक सुरू केले. पराडकर त्याचे प्राण झाले. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने छापखान्यांवर वटहुकूम काढला आणि दैनिक बंद ठेवावे लागले. तेव्हा काशीत 'रणभेरी' हे गुप्त पत्रक निघू लागले. त्यामागे पराडकरांचा हात होता. मोठा छापखाना जप्त करता येतो. सायक्लोस्टाइलचे यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात नेता येते. मेणकागदावर लिहावे, रूळ फिरवावा, शेकडो प्रती काढाव्या, आणि पोलीस येण्यापूर्वी यंत्र दुसऱ्या गल्लीत पोहोचवावे. काशीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात पोलिसांची काय दशा झाली असेल याची कल्पना करता येईल. १९४२ च्या आंदोलनातही याच रीतीने पत्रके निघाली. वाचकाच्या हाती कागद असणे म्हणजे काय, हे त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. पराडकर १९५५ साली निवर्तले.

आता आपल्या काळाकडे येऊ. संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय हे १७९१ च्या जुन्या संस्कृत महाविद्यालयातून १९५८ साली विश्वविद्यालय झालेले. त्याच्या सरस्वती भवनात सुमारे लाखभर हस्तलिखिते आहेत. २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले, २०२५ साली 'ज्ञान भारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीची व जतनाची नवी योजना जाहीर झाली. छापील ग्रंथांच्या बाबतीत या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने भारतीय डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. निर्णयसागर, आनंदाश्रम, चौखंबा यांची जुनी दुर्मीळ पुस्तके त्यातून लाखो लोकांच्या हाती आली. ज्या पुस्तकासाठी एके काळी काशीहून पुण्यास पत्र टाकून महिनाभर वाट पाहावी लागे ते घरबसल्या क्षणात उघडू लागले.

आणि २०१७ च्या सुमारास ते ग्रंथालय बंद पडले. स्वामित्वहक्काच्या शंका निघाल्या, संकेतस्थळ मिटले गेले. कवींद्राचार्यांचे दालन पुन्हा एकदा विस्कटले असते. परंतु तत्पूर्वी कार्ल मलामुद या अमेरिकन गृहस्थांनी व इतर उत्साही लोकांनी त्यातील लाखो पुस्तके उतरवून घेऊन इंटरनेट आर्काइव्हवर चढविली होती. आज आपण वाचतो ती बहुतेक त्या नकलांवरून. ते इंटरनेट आर्काइव्हही १९९६ सालापासून चालत आलेले, जगभरच्या वाचकांचे माहेरघर. पण २०२४ च्या ऑक्टोबरात त्यावर संगणकी हल्ला झाला आणि काही दिवस ते कोणालाच उघडेना. ज्यांनी आपले पुस्तक आधीच उतरवून घरात ठेवले होते त्यांचे वाचन चालू राहिले. बाकीचे थांबले.

तेव्हा पहिली गोष्ट घरी आणण्याची, कागदाची नंतरची. पुस्तक पडद्यावर वाचावयाचे असले तरी ते आपल्या संगणकात उतरलेले असावे. एवढे झाल्यावर कागदावर काय काढावे, याचे उत्तर ग्रंथागणिक बदलते असे माझे मत आहे.

हस्तलिखिताचे छायाचित्र असेल तर ते पडद्यावरच वाचावे. कारण साधे आहे. जुन्या लेखकाने चुकीचे अक्षर हरताळाने पिवळे करून पुसलेले असते. रंगीत पडद्यावर तो पिवळा ठिपका स्पष्ट दिसतो. घरच्या काळ्या शाईच्या प्रिंटरवर तो करडा होतो, आणि पुसलेले अक्षर खालून पुन्हा डोके वर काढते. चारशे वर्षांपूर्वी लेखकाने सुधारलेली चूक आपण पुन्हा वाचू लागतो! शिवाय त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ मजकूर मध्ये मोठ्या अक्षरात आणि टीका वर-खाली बारीक अक्षरात असते. ती बारीक अक्षरे पडद्यावर हवी तेवढी मोठी करून पाहता येतात, कागदावर नाही. फुसकट झालेले एखादे जोडाक्षर तर मोठे केल्यावाचून सुटतच नाही.

जे रोज म्हणावयाचे, ज्याच्यावर टिपणे करावयाची, जे शिष्यापुढे ठेवावयाचे ते मात्र कागदावर असावे. पाठ करताना पानावरची जागा लक्षात राहते, उजव्या पानाच्या तळाशी, शाईचा डाग पडलेल्या ओळीच्या खाली, अशी. पडद्यावर ओळी सरकत जातात आणि ती खूणगाठ बसत नाही. स्कॅनमध्ये पाने गाळलेली असतात, क्वचित पान धरणाऱ्याचे बोट अक्षरांवर आलेले असते, समास कापले गेलेले असतात. छापून पाने मांडली की हे दोष तत्काळ कळतात. पडद्यावर वाचणाऱ्याला ते साठाव्या पानावर अडखळल्यावर कळतात. त्रुटित भाग दुसऱ्या प्रतीवरून हाताने लिहून घालावा. काशीत पूर्वी हेच करीत. शोधलेली पोथी आणि न शोधलेली पोथी यांत फरक मानीत.

शाईविषयी दोन शब्द. लेझर प्रिंटरची पूड कागदावर तापून चिकटते, ती पाण्याने जात नाही. साध्या इंकजेट यंत्रातली बरीचशी रंगशाई पाण्याचा थेंब पडताच पसरते. गंगाकाठच्या दमट घरात, पावसाळ्यात, हा फरक लहान नाही. तेल आणि पाण्याविषयी जुन्या लेखकांनी दिलेला इशारा नव्या यंत्रालाही लागू आहे. सैल बांधणीचाही. नुसत्या तारेच्या टाचणीने अडकविलेले तीनशे ताव दोन वर्षे टिकत नाहीत.

पोथीचे स्कॅन छापावयाचे झालेच तर आकाराची एक सोय आपोआप होते. पोथीचे पान आडवे, लांबट. आपल्या संगणकाचा पडदाही आडवाच, म्हणून पोथी पडद्यावर चांगली बसते. प्रिंटरचा ए-फोर ताव त्या मानाने उभा वाटतो. परंतु तो आडवा धरून एकाखाली एक अशी पोथीची दोन पाने त्यावर छापली आणि मधोमध कापला, की सुमारे तीस सेंटिमीटर लांब व साडेदहा रुंद अशी दोन पाने मिळतात. तो जवळजवळ पोथीचाच आकार होय. वर-खाली दोन पाट्या घातल्या आणि फडक्यात गुंडाळले की झाले.

एका गोष्टीची मात्र मनाला खरी काळजी वाटते. जीर्ण पोथ्या गंगार्पण करण्याची रूढी आपल्याकडे जुनी आहे. घरात वाचणारा उरला नाही, वाळवी लागली, घर विकावयाचे झाले, की बासन नदीत सोडतात. त्यात अनादर नसतो, उलट श्रद्धा असते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांतल्या जुन्या मराठी वाड्यांतून आता त्या कृत्याला नवे समाधान मिळण्याचा धोका आहे: मोबाइलवर फोटो काढून घेतले आहेत, आता मूळ पोथी ठेवून काय करावयाचे? ज्या मोबाइलचे आयुष्य चार वर्षांचे, त्याच्या भरवशावर तीनशे वर्षे टिकलेला हातकागद पाण्यात जावा, हा हिशेब उलटा आहे. त्या घरच्यांना एवढेच सांगावेसे वाटते की फोटो अवश्य काढा, ते दोन-तीन ठिकाणी ठेवा, एक प्रत छापा, आणि मूळ पोथी सरस्वती भवनासारख्या ठिकाणी किंवा जेथे ती उघडून पाहणारे कोणी असेल अशा संस्थेत द्या. गंगेला त्या पोथीची गरज नाही.

आणि घरी छापलेल्या प्रतीच्या शेवटी जुन्या लेखकांप्रमाणे चार ओळी हाताने लिहिण्यास हरकत नसावी: मूळ पुस्तक कोणत्या ग्रंथालयाचे, ते कोठून आणि कोणत्या दिवशी उतरविले, कोणती पाने मूळ स्कॅनमध्येच नव्हती, ती कोणत्या प्रतीवरून भरली, आणि प्रत कोणी, कोठे, कोणासाठी काढली. कवींद्राचार्यांच्या पोथ्या बिकानेरच्या कपाटांत ओळखता आल्या त्या पहिल्या पानावरच्या अशाच एका नोंदीमुळे.